तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तिकडं सगळ्यांना बाटवलं ना?’

केनियात नऊ वर्षं काढून परतले, तेव्हापासून प्रत्येक लग्नात कुणीतरी हे विचारतंच. उत्तर ‘हो’ हवं असतं. ‘पण शाळा-दवाखाने मिशनऱ्यांनीच काढले ना?’ म्हणणाऱ्यांनाही ‘हो’च हवं असतं.

मी राहायचे थोगोटोजवळ. ‘स्कॉटलंड’ तिथल्या किकुयू जमातीच्या जिभेवर वळून झालेलं हे नाव. स्कॉटिश मिशन तिथलंच. १९२९ साली मिशननं अट घातली: चर्चमध्ये राहायचं तर मुलींची सुंता सोडल्याचा कागद करा, अंगठा द्या. हजारोंनी चर्च सोडलं.

हे सगळं मी वाचलेलं होतं, म्हणूनच तो शहाणपणा सुचला. घरमालकीणबाईंना मी ‘मामा’ म्हणायचे; तिकडं आईला मामा म्हणतात. एका रविवारी त्या प्रार्थनेहून आल्या, चहा झाला. तुमची माणसं बाटली याचं वाईट नाही वाटत, असं मला विचारायचं होतं. ‘बाटणं’ला स्वाहिली शब्द सापडेना. म्हणून म्हणाले, ‘नाजिसी’. अपवित्र.

त्यांनी कप खाली ठेवला. त्यांच्या आजोबांनी अंगठा दिला होता, म्हणून आईची सुंता झाली नाही. गावानं तिला जन्मभर ‘किरिगू’ म्हटलं. न कापलेली, म्हणजे घाण. ‘मुथिरिगू’ या तेव्हाच्या मिशनविरोधी नाचाच्या गाण्यांत अशाच मुलींची टवाळी असायची. ब्रिटिश सरकारनं १९३० मध्ये ती गाणी बंद केली. तोंडं कशी बंद होणार? आणि साठेक वर्षांनी मी, त्यांच्याच ओट्यावर बसून, तीच शिवी दुसऱ्या भाषेत दिली.

‘आईच्या चुलतबहिणीचं ऐक,’ त्या म्हणाल्या. तिच्या बापानं अंगठा नाकारला. मुलगी कापली गेली आणि मिशनच्या शाळेतूनही गेली. मग लोकांनी स्वतःची शाळा बांधली. ‘तिथं काय वाचायचे, माहितीये? बायबल.’

पुढं दोन आठवडे त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

तेव्हाची मी अजून हट्टानं म्हणते, परक्यांनी घरात घुसायचं कारण काय? मग मीच तिला विचारते, त्या आईला कापायला हवं होतं का? गप्प बसते. पण लगेच आठवतं, त्याच कागदावर किकुयूंची राजकीय संघटना सोडण्याचीही अट होती. निव्वळ मुलींच्या काळजीपोटी कुणी असं लिहून घेतं? आणि त्या स्वतंत्र शाळांना माऊ माऊ बंडामुळं लागलेल्या १९५२ च्या आणीबाणीत सरकारनंच टाळं लावलं.

केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा याच थोगोटोत शिकले, इथंच बाप्तिस्मा घेतला आणि १९३८ साली पुस्तक लिहून सुंतेची बाजू मांडली. ते बाटलेले की न बाटलेले, तुम्हीच सांगा. मला पंगतीत इतकं बोलायला मिळत नाही. तेवढ्यात श्रीखंड येतं.