दहा मिनिटांनी बंद पडणारा व्हॅक्यूम

सकाळी माझ्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर वर करून दिवा लावते तोच एक काका दारात उभे. एका हातात चाकांचा छोटा व्हॅक्यूम क्लीनर, खांद्यावर त्याची नळी. मशीन टेबलावर ठेवत म्हणाले, "मोटर जळलीय म्हणे. दुसरीकडे दाखवला, त्यांनी उघडलाही नाही. स्वस्तातला आहे, टाकून द्या म्हणाले. तू एकदा बघतेस का, पोरी?"

तक्रार विचारली. सुरू होतो, पण दहा मिनिटांत आपोआप बंद. तासाभराने पुन्हा चालू, पुन्हा बंद. बोलता बोलता आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. काकूंना धुळीचा त्रास आहे, म्हणून तर हा घेतला, पण हल्ली घर झाडून झालं की त्यांच्या शिंका वाढतात. मी पहिली तक्रार कार्डावर लिहिली. दुसरी लिहिली नाही, कारण ती मशीनची वाटलीच नाही.

जळलेल्या मोटरचा वास मला दारातून कळतो, आणि इथे तो नव्हता. नळी काढून मशीन सुरू केलं तर आवाज बारीक, चढा, शिट्टीसारखा. खूप जण समजतात की आवाज चढला म्हणजे मोटरवर ताण आलाय. खरं तर उलट असतं. हवाच येत नसेल तर पंख्याला ढकलायला काही उरत नाही, तो मोकळा फिरतो, वेग वाढतो आणि करंट उतरतो. मी वायरमधल्या एका तारेला क्लॅम्प मीटर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, लावला. आकडा हवा होता त्यापेक्षा बराच खाली. मशीनच्या तोंडावर तळहात धरला, तरी आवाजात फरक पडेना. म्हणजे वाट आधीच आत कुठेतरी बंद होती.

या प्रकारच्या मशीनमध्ये मोटर थंड ठेवायला वेगळी सोय नसते. खेचलेली हवाच फिल्टरमधून गाळून मोटरवरून जाते आणि मागून बाहेर पडते. ती अडली की मोटर तापते, आतला थर्मल कटआउट वीज तोडतो, गार झाल्यावर जोडतो. काकांचा दहा मिनिटांचा हिशोब तिथे जुळला. मोटर जळली नव्हती, स्वतःला वाचवत होती.

झाकण उघडून मोटरच्या पुढचा फिल्टर काढला. स्पंज हातात आला तो पापडासारखा कडक. नखाने खरवडला तर पांढरट खपली निघाली. "घरात भिंतींचं काम काढलं होतं का?" विचारलं, तर काका म्हणाले, हो, प्लॅस्टर झालं, नंतर सगळी धूळ यानेच ओढली. आणि फिल्टर धुतला होता? धुतला होता, लगेच बसवलाही होता. प्लॅस्टरची धूळ पिठाहून बारीक. ओल्या स्पंजावर ती बसली आणि थापलेल्या गिलाव्यासारखी धरली. धुतलेला फिल्टर निदान पूर्ण दिवसभर वाळवायचा, हे माहितीपुस्तिकेत असतंच, पण फार थोडे जण ते वाचतात. मी काकांना बोललेही, जरा कडक आवाजात.

नवा स्पंज बसवला तसा मशीनचा आवाज भरला, खोल गेला. करंट पाच अँपिअरच्या वर. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, स्वच्छ; त्याला वीज पोचवणारे, घासून झिजणारे कार्बन अजून अर्ध्याहून जास्त. स्वस्त मशीनची ही बाजू मला मनापासून आवडते: मोटर साधी असते आणि वर्षानुवर्षं चालते. युरोपात 2017 पासून मोटर किमान 500 तास टिकलीच पाहिजे असा नियम आहे. आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास धरला तर ही जवळजवळ साडेनऊ वर्षं होतात. त्याच नियमाने वॅट 900 च्या आत आणले. तरीही खोक्यावरचा मोठा वॅटचा आकडा बघून लोक अजून मशीन निवडतात. तो आकडा मशीन वीज किती खातं ते सांगतो, धूळ किती ओढतं ते नाही.

मग नळी जोडली आणि ओढ निम्म्यावर आली. मुठीवरची हवा सोडायची पट्टी बंद होती, ते आधी पाहिलं; कितीदा तरी "ओढत नाही" ही तक्रार ती पट्टी सरकवून मिटते. नळी खिडकीकडे धरून हळूहळू वाकवली. मुठीच्या अगदी खाली, जिथे ती रोज दुमडते, तिथे उजेडाची बारीक रेघ दिसली. ही चीर त्या मशीनची खरी दुखरी जागा. नळी पातळ, तिला मुठीशी आधार नाही, आणि लोक मशीन तिलाच धरून ओढतात. चार बोटं नळी कापली, मूठ फिरवून पुन्हा बसवली. आखूड झाली, पण हवा धरू लागली.

इथे काम संपलं असतं. काका घड्याळ लावून बसले होते, दहा मिनिटं झाली, वीस झाली, मशीन चालूच. त्यांचा चेहरा उजळला. मला मात्र काकूंच्या शिंका आठवल्या.

शटर अर्धं खाली घेतलं, दिवा घालवला आणि मशीनच्या मागच्या जाळीवर टॉर्चचा झोत आडवा धरला. नळीने चिमूटभर प्लॅस्टरची धूळ ओढली. झोतात राखेसारखा धूर उठला, हलकेच वर चढला आणि पसरला. काका उठून जवळ आले. बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे हे सगळं तिच्या नाकात?" एवढंच म्हणाले.

मागचा फिल्टर काढला. वर हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर, असं ठळक छापलेलं. खरा हेपा 0.3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 99.97 टक्के कण अडवतो, पण हवा त्याच्यातून गेली तरच. इथे भोवतीचं रबर एका कोपऱ्यात दुमडून चपटं झालं होतं, आणि हवा सोप्या वाटेने बाजूने निसटत होती. फोमची पट्टी कापून कडेने चिकटवली. पुन्हा अंधार, पुन्हा टॉर्च. धूर बराच कमी झाला, पण थांबला नाही. आता तो धुळीच्या डब्याच्या झाकणाच्या सांध्यातून येत होता. तिथे रबर मुळातच दिलेलं नाही. ती या किमतीची मर्यादा आहे, माझ्या पट्टीने ती जात नाही.

काकांनी विचारलं, ठेवू की नवा घेऊ? मी सरळ सांगितलं. साध्या फरशीला, कोपऱ्यांना, पलंगाखाली, जिन्यावर हा उत्तम आहे. हलका आहे, दांडी सोफ्याखाली सपाट जाते, तिथे ठेवाच. गालिचावर याच्याकडून फार अपेक्षा नको. ब्रशला फिरता रोलर नाही, नुसत्या हवेने खोल बसलेले केस निघत नाहीत. आणि काकूंसाठी, जमेल तेव्हा, बंद पिशवीचा घ्या. डबा रिकामा करताना जो ढग उठतो तो पिशवीत उठत नाही. तोवर डबा तुम्ही रिकामा करा, घराबाहेर, आणि झाडताना काकूंना दुसऱ्या खोलीत बसवा.

त्यांनी वायर गुंडाळायचं बटण दाबलं. वायर आत जाताना मी तिच्यावरच्या खुणाही दाखवल्या: बाहेर ओढताना पिवळी दिसली की पुरे, लाल दिसायच्या आत थांबायचं, नाहीतर आतली स्प्रिंग जाते.

ते गेल्यावर कार्ड पुन्हा काढलं आणि दुसरी तक्रार लिहिली, पहिलीच्या वर.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मशीन बंद पडत नाही, शिंका कमी आहेत, गेलेल्या नाहीत. मागच्या फिल्टरचं रबर सुटं मिळतं का म्हणून मी चौकशी केली होती. मिळत नाही, अख्खा फिल्टरच घ्यावा लागतो. मागवलाय. आला की त्यांच्याच घरी जाऊन बसवणार आहे, टॉर्च बरोबर घेऊन.