हरकतीची मुदत

पुण्यात आमच्या चौकालगत वृत्तपत्र वाचनाचा एक कट्टा आहे. सकाळी साडेसात ते नऊ या वेळात तिथे आठ-दहा जण नियमित येतात आणि त्यांतील बहुतेक जण पहिले पान बाजूला ठेवून आधी शहराचे पान उघडतात. गुरुवारी कोणत्या भागाचे पाणी बंद राहणार, कोणता रस्ता पुन्हा खोदला जाणार, नदीपात्रात राडारोडा कोणी टाकला, या बातम्यांवर तिथे जी चर्चा होते ती मी अनेक वर्षे ऐकत आले आहे आणि तिच्यात भागही घेत आले आहे. ही चर्चा म्हणजे रिकामटेकड्यांचा वेळ घालवण्याचा उद्योग आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तसे वाटत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

एका उन्हाळ्यात पाणीकपातीच्या बातमीवरून झालेला वाद मला अजून आठवतो. पेठेत जन्म गेलेले एक काका म्हणत होते की, हद्दीबाहेरची गावे शहरात घेतल्यामुळे आमचे पाणी कमी झाले. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली, त्यांपैकी एका गावात राहणाऱ्या ताईंनी त्यांना शांतपणे सांगितले की, त्यांची सोसायटी मिळकतकर पूर्ण भरते, तरीही नळाला पुरेसे पाणी नाही आणि उन्हाळ्यात टँकरचा खर्च इतर सर्व देखभालीच्या खर्चापेक्षा जास्त होतो. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले तिसरे गृहस्थ बोलले. त्यांचे भाऊ इंदापूर तालुक्यात शेती करतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे पाणी शहराला मिळते, तसेच तेच पाणी मुठा उजव्या कालव्यातून दौंड-इंदापूरकडेही जाते, हे त्यांनी कालव्याच्या आवर्तनांच्या, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडण्याच्या पाळ्यांच्या, तारखांसह सांगितले. काकांचे मत त्या दिवशी बदलले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईंना विचारले की, टँकर कुठून भरून येतो. त्या प्रश्नापासून आमच्याकडे पाण्याची चर्चा खऱ्या अर्थाने सुरू झाली, कारण त्याआधी आम्ही केवळ एकमेकांना दोष देत होतो.

या कट्ट्यावर मी एक गोष्ट शिकले. ‘महापालिका काहीच करत नाही’ या वाक्याला उत्तर देता येत नाही, पण अमुक शाळेसमोरचा पदपथ पूर्वी आठ फुटांचा होता आणि आता साडेतीन फुटांचा उरला आहे, या वाक्याला कुणाला तरी उत्तर द्यावेच लागते. आमच्यातील एक निवृत्त सर्व्हेअर पिशवीत मोजपट्टी ठेवतात. त्यांचा आवाज लहान आहे, पण ते बोलू लागले की बाकीचे थांबतात.

शहराविषयीच्या मताला कायद्यानेही एक जागा दिली आहे आणि तिची मुदत असते, याकडे मात्र फार थोड्या वाचकांचे लक्ष जाते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 नुसार विकास आराखडा, म्हणजे शहरातील कोणती जागा कशासाठी राखून ठेवायची हे ठरवणारा नकाशा, अंतिम होण्यापूर्वी नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. 2013 मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा सुमारे 87 हजार हरकती आणि सूचना दाखल झाल्या. त्यांतील एक आमची होती. आम्ही सहा जणांनी नकाशाची प्रत कट्ट्याच्या टेबलावर पसरली, कोणत्या रंगाचा अर्थ काय हे आधी समजून घेतले आणि मग एका मैदानाच्या आरक्षणाविषयी दीड पानाचा अर्ज लिहिला. आपण रोज ज्या रस्त्याने चालतो तो नकाशावर ओळखायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. पुढे 2015 मध्ये राज्य सरकारने तो आराखडा आपल्याकडे घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये मंजूर केला. इतक्या लांबलेल्या प्रक्रियेत एका अर्जाचे वजन किती, असा प्रश्न मला आजही विचारला जातो. त्या दीड पानामुळे आम्हा सहा जणांना आपला भाग वाचता येऊ लागला, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मध्ये मतदान होईपर्यंत शहराचा कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात शहराच्या पानावर झालेला बदल मला फार खुपत असे. पूर्वी मुख्य सभेत कोणी कोणता प्रश्न विचारला, कोणत्या उपसूचनेला कोणी विरोध केला, वर्गीकरणाच्या, म्हणजे एका कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे देण्याच्या, प्रस्तावातून कोणाचा निधी कुठे वळला, हे सकाळी वाचायला मिळे आणि त्यावर आमच्यात वाद होत असे. त्या सुमारे चार वर्षांत सभागृहातील वादाचे वृत्तच येईनासे झाले, निर्णय तेवढे छापून येऊ लागले. निर्णयाची एक बाजू कळत होती, पण तो घेताना दुसरी बाजू कोणी मांडली होती का, हे कळायला मार्ग नव्हता. लोक जास्त रागावून बोलू लागले ते याच काळात, असे माझे निरीक्षण आहे. प्रश्न विचारायला समोर कोणी नसले की आवाज चढतो.

आता पुन्हा नगरसेवक आहेत, सभा होत आहेत. आमच्या कट्ट्यावरील ताईंनी मात्र एक नवे काम हाती घेतले आहे. वृत्तपत्रांतील जाहीर सूचना त्या कापून फलकावर चिकटवतात आणि हरकतीची शेवटची तारीख लाल शाईने वर लिहितात. सहभागी अंदाजपत्रकासाठी आपल्या प्रभागातील कामे सुचवण्याची मुदतही त्या अशीच लावतात. पुण्यात ही पद्धत 2006 पासून आहे, तरी तिच्याविषयी ठाऊक नसलेले शेजारी अजूनही भेटतात.

सध्या फलकावर एका मैदानाच्या आरक्षणात बदल करण्याची सूचना लागलेली आहे. हरकतीसाठी एक महिना असतो, त्यातले 12 दिवस उरले आहेत. काकांचे म्हणणे आहे की, तिथे आता कोणी खेळत नाही. ताईंचे म्हणणे आहे की, संध्याकाळी पाचनंतर पाय ठेवायला जागा नसते. उद्यापासून आठवडाभर आम्ही पाळीपाळीने तिथे जाऊन मुले मोजणार आहोत आणि पहिली पाळी काकांनी मागून घेतली आहे.