स्कूटरच्या डिक्कीत कम्प्युटर कशाला?

स्कूटरला खरं तर काहीच लागत नाही. पेट्रोल, टायरमधे हवा, अधूनमधून ऑईल आणि वर बसायला एक माणूस, संपलं. तरी ती उभी दिसली की काही लोकांच्या हाताला खाज सुटते, इथे एक सेन्सर लावला तर, तिथे एक छोटी स्क्रीन बसवली तर, आणि मी त्याच जमातीतला. कारमधे हे सगळं करण्यात मजा नाही, तिथे डोक्यावर छप्पर असतं, एसी असतो, जागाच जागा. सायकलवर करायचं तर वीज आणायची कुठून. स्कूटर बरोबर मधे बसते. स्वतःची 12 व्होल्टची बॅटरी, ती चार्ज करणारं इंजिन, सीटखाली डिक्की, आणि पुढच्या एप्रनमागे एवढी पोकळी की अजून एक वायरिंग आत सहज लपेल. जणू कोणीतरी मुद्दाम आपल्यासाठीच सोडलीये.

ही हौस आजची नाही बरं का. 1946 साली पियाज्योने व्हेस्पा आणली, ती डिझाईन करणारा कोरादिनो दास्कानियो मूळचा विमानं-हेलिकॉप्टरवाला माणूस, त्याला मोटरसायकली आवडायच्याच नाहीत, हात काळे होतात, चाक बदलायला वैताग येतो वगैरे. म्हणून त्याने इंजिन झाकून टाकलं आणि बसणाऱ्याच्या पायापुढे एक सपाट, स्वच्छ पत्रा उभा केला. आणि 1960 च्या दशकात ब्रिटनमधल्या मॉड पोरांनी, म्हणजे टापटीप कपडे आणि स्कूटर मिरवणाऱ्या तरुणांनी, त्या स्वच्छ पत्र्याचं काय केलं, तर त्यावर ओळीने आरसे आणि दिवे ठोकले! मागचं बघायला एक आरसा पुरतो, फार तर दोन. पण बघणं हा मुद्दाच नव्हता ना. रिकामा पत्रा दिसला की माणसाला राहवत नाही, एवढंच.

कम्प्युटरच्या बाबतीत या सगळ्या लोकांचा गुरू म्हणजे स्टीव्हन रॉबर्ट्स, पण त्याची सायकल होती. 1983 मधे हा माणूस रेलून बसायच्या सायकलवर बोचकं बांधून अमेरिकेत फिरायला निघाला, जवळ रेडिओ शॅकचा मॉडेल 100 नावाचा छोटा पोर्टेबल कम्प्युटर, त्यावर लेख लिहायचे, फोनच्या लाईनवरून पाठवायचे, त्यावर पोट भरायचं आणि पुढे निघायचं. पुढे त्याने बेहेमथ नावाची सायकल केली. तिच्यावर एक सोडून अनेक कम्प्युटर, सोलर पॅनल, रेडिओ, डोळ्यासमोर लटकणारा डिस्प्ले, आणि हँडलमधेच बटणं, म्हणजे पायडल मारता मारता टाईप करायची सोय. गिअर 105. वजन 580 पौंड, म्हणजे जवळपास 263 किलो. आपली साधी 110 सीसीची स्कूटर शंभर-एकशे दहा किलोच्या आसपास असते, ती सुद्धा बंद पडल्यावर ढकलायला जीव जातो, आणि हा गडी तसल्या दोन स्कूटरींहून जास्त वजन पायाने चालवत होता. आता ती सायकल कॅलिफोर्नियात कम्प्युटर हिस्टरी म्युझियममधे आहे. तेव्हा त्याने जेवढं वागवलं त्यातलं बरंचसं आज खिशातल्या फोनमधे आहे हे खरंय, पण फोन खिशात ठेवण्यात कर्तृत्व काय.

असो. कुठला कम्प्युटर लावायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, पहिला प्रश्न वीज. बॅटरीवर 12 व्होल्ट लिहिलेलं असतं पण ते नुसतं नाव आहे. गाडी चालू असली की 14 च्या वर जातं, सेल्फ मारला की क्षणभर 10 च्या खाली गडगडतं, आणि मधूनच बारीक बारीक झटके येतात ते वेगळेच, कारण त्याच गाडीत प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार करणारी कॉईल बसलीये. आणि आपल्या नाजूक राजाला, म्हणजे कम्प्युटरला, हवेत शुद्ध, सरळ 5 व्होल्ट. म्हणून मधे व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर लागतो, त्याच्या आधी झटके गिळणारा डायोड, आणि या सगळ्याच्या आधी बॅटरीला अगदी चिकटून फ्यूज. अगदी चिकटून म्हणजे चिकटूनच, कारण फ्यूज वायरच्या शेवटी लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर, आणि ती जाते कुठून तर बऱ्याच गाड्यांत सीटखाली, पेट्रोलच्या टाकीशेजारून. बाकी सगळ्यात जुगाड चालतो, इथे नाही.

गंमत म्हणजे गाडी चालू असताना वीज कमी पडतच नाही. रास्पबेरी पायसारखा छोटा कम्प्युटर पाचेक वॅट खातो, हेडलाईटचा जुना बल्ब 35 वॅट, म्हणजे कम्प्युटर तर पाहुण्यासारखा थोडंसंच घेतो. लोचा होतो गाडी उभी असताना. समजा एखादा जीपीएस ट्रॅकर सतत 50 मिलीअँपिअर ओढतोय. ऐकायला काहीच नाही. पण स्कूटरची बॅटरी असते चार-पाच अँपिअर अवरची, 5 भागिले 0.05, शंभर तास. चार दिवसांत ठणठणाट, आणि सेल्फ तर त्याच्या बऱ्याच आधी हात वर करणार. मग म्हणाल की किल्लीनंतरच्या वायरवरून घ्या सप्लाय, किल्ली बंद की सगळं बंद. घेता येतो. पण रास्पबेरी पायमधे लिनक्स नावाची अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती मेमरी कार्डवर काहीतरी लिहीत असताना तुम्ही खट्कन किल्ली फिरवली तर कधीतरी कार्डच खराब होतं आणि पुढच्या वेळी साहेब उठतच नाहीत. म्हणजे आता दोन वायरी हव्यात, एक कायमची वीज देणारी आणि दुसरी नुसती बातमी देणारी की मालकाने किल्ली काढली, मग कम्प्युटरने आवराआवर करायची, बंद व्हायचं आणि जाताना स्वतःचा रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, स्वतःच पाडायचा. स्कूटरला जे किक मारून दोन सेकंदात कळतं त्यासाठी हा एवढा दरबारी रिवाज! माझं मत विचाराल तर स्कूटरवर लिनक्स हा निव्वळ मिरवायचा प्रकार आहे. ईएसपी 32 सारखा एखादा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला चिमुकला कम्प्युटर, लावा, त्याला ऑपरेटिंग सिस्टिमचा तो सगळा बारदाना नाही, वीज आली की उठतो, गेली की झोपतो, फार तर शेवटची एखादी नोंद हुकेल. माझ्या गाडीत मात्र लिनक्स आहे. मिरवायचं कोणाला नसतं.

वीज झाली की पाणी. डब्यावर आयपी 67 लिहिलेलं असलं की लोक निर्धास्त होतात, त्यातला 6 धुळीचा आणि 7 पाण्याचा, एक मीटर पाण्यात अर्धा तास राहील असा अर्थ. पण तो बंद डबा. तुम्ही त्याला वायरीसाठी भोक पाडलं की तो आकडा तिथेच संपला. शिवाय पाणी वायरीवरून ओघळत थेट आत येतं, म्हणून वायर डब्यात शिरायच्या आधी खाली झोल देऊन मग वर न्यायची, म्हणजे थेंब झोलाच्या तळाशी गळतो. हे आधी कोणी सांगत नाही. आणि अगदी हवाबंद डबा केला तरी आतली हवा दिवसा तापते, रात्री गार होते आणि आतल्या आत दव धरतं, त्यामुळे कधीकधी खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवणंच शहाणपणाचं. 

थरथर हा तिसरा शत्रू आणि तो सगळ्यात चिवट. टेबलावर सोल्डर केलेला सुंदर जोड गाडीवर तुटतो, आणि तुटतो कुठे, तर जिथे सोल्डर संपून मोकळी वायर सुरू होते बरोब्बर तिथे, कारण सोल्डर वायरीच्या तारांत शोषला जाऊन ती कडक होते आणि सगळं वाकणं त्या एका रेषेवर येतं. म्हणून गाड्यांच्या कारखान्यात कनेक्टर दाबून क्रिम्प करतात. फोन हँडलला लावत असाल तर तेही बघून लावा, 2021 मधे अॅपलनेच सांगितलं होतं की मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातली हलणारी यंत्रणा बिघडू शकते, आणि मोपेडवर किंवा इलेक्ट्रिक स्कूटरवर लावायचा तरी मधे धक्के शोषणारा माउंट वापरा. 

इतकं सगळं केल्यावर मिळतं काय? इथून पुढे मला खरं बोलायचंय, वरचं सगळं नाईलाज होता.

चाकाला एक छोटं चुंबक, फोर्कला चुंबक जवळून गेलं की ओळखणारा हॉल सेन्सर. चाक फिरलं की एक टिक. 90/100-10 टायरचा घेर हिशोबाने साधारण 1.36 मीटर येतो, म्हणजे टिक मोजा, गुणा, झाला वेग. शेजारी जीपीएस ठेवला की कळतं की कंपनीचा स्पीडोमीटर जास्त दाखवतो. तो बिघडलेला नाही, नियमच असा आहे की खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचा नाही, मग कंपन्या सरळ थोडा चढाच ठेवतात. म्हणजे बहुतेक सगळे स्वतःला वाटतं त्यापेक्षा हळू चालवतात. इंजिनचे फेरे मोजायला तर गाडी उघडावी पण लागत नाही, प्लगच्या केबलवर नुसती एक वायर चार-पाच वेढे गुंडाळली की प्रत्येक ठिणगीला तिच्यात टिचकी उमटते. फक्त एक मेख आहे, फोरस्ट्रोक इंजिनाला दोन फेऱ्यांत एकच ठिणगी लागते पण बऱ्याच स्कूटरी दर फेरीला उडवतात, एक कामाची आणि एक फुकटची, त्यामुळे गाडीची पद्धत माहीत नसली तर आकडा सरळ दुप्पट नाहीतर अर्धा.

आणि सगळ्यात भारी प्रकरण म्हणजे वळताना गाडी किती कलते ते मोजणं. वाटतं सोपं, एक लंबक लावला की झालं, नाहीतर पातळी बघायची बुडबुड्याची नळी. पण नीट कललेल्या वळणात लंबक शून्यच दाखवतो! गाडी कलते ती मुळी एवढ्यासाठीच की खाली ओढणारं वजन आणि बाहेर फेकणारा जोर मिळून जी दिशा होते ती बरोबर सीटमधून टायरकडे जावी, आणि लंबक पण त्याच दिशेला लोंबतो. म्हणूनच वळणावर मागे बसलेला माणूस बाजूला घसरत नाही आणि डिक्कीतलं सामान लवंडत नाही. 30 च्या वेगाने 15 मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी जवळपास 25 अंश कललेली असते, आणि अॅक्सेलरोमीटर, म्हणजे लंबकासारखीच ओढीची दिशा मोजणारा सेन्सर, छातीठोक सांगतो की आपण सरळ उभे आहोत. तिथे जायरो लागतो, तो कलण्याचा वेग मोजतो, त्याची बेरीज करत गेलं की कोन मिळतो, पण बेरीज हळूहळू भरकटते म्हणून सरळ रस्त्यावर अॅक्सेलरोमीटरने तिला परत जागेवर आणायचं. दोन खोटारडे साक्षीदार समोरासमोर बसवून खरं काढायचं असा प्रकार. हे जमलेलं पहिल्यांदा ग्राफवर बघितलं तेव्हा मी घरात ओरडलो होतो, आणि घरच्यांना त्यात ओरडण्यासारखं काय ते अजून कळलेलं नाही.

आता स्क्रीन. हँडलवर छान रंगीत स्क्रीन, त्यात वेग, कोन, व्होल्टेज, तापमान, नकाशा, ही या छंदाची जाहिरात असते, फोटो पण तिचेच निघतात. उन्हात ती दिसत नाही हा भाग सोडा, पोलराईज्ड गॉगल घातला तर काही स्क्रीन पूर्ण काळ्या दिसतात हेही सोडा. 40 च्या वेगाने दोन सेकंद खाली बघितलं तर गाडी 22 मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या 22 मीटरमधे कुत्रं, खड्डा, कारचं उघडलेलं दार, काहीही मावतं. आणि नको तो आकडा समोर असला की नजर जातेच, जायरोचा कोन बघायला म्हणून वळणात खाली बघणं यासारखा दुसरा वेडेपणा नाही. माझ्या हँडलवर म्हणून एकच लाल एलईडी आहे, व्होल्टेज पडलं की लागतो, बाकी सगळं डिक्कीतल्या डब्यात गुपचूप लिहिलं जातं आणि घरी येऊन वाचायचं. गाडी चालवताना मला त्यातलं काहीही माहीत नसतं आणि तेच बरंय. लोक विचारतात मग लाईव्ह दिसत नसेल तर उपयोग काय, अरे ब्रेक आपण कसा दाबतो हे दाबताना कळत नाहीच मुळी, घरी ग्राफ उघडला की कळतं, आपण शांत चालवतो अशी ज्याची समजूत असते त्याच्या रेषेवर सुळकेच सुळके.

धाकट्या भावाने एकदा गाडी नेली होती. रात्री सवयीप्रमाणे मी डेटा उतरवला. एका ठिकाणी वेगाची रेषा अशी काही खाली आली होती की मी त्याला नुसतं विचारलं, "दुपारी चौकात काय झालं रे?" तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?" मी डिक्कीकडे बोट दाखवलं. तेव्हापासून तो गाडी न्यायला आला की किल्ली घेतो, सीट उघडतो, फ्यूज काढून खिशात ठेवतो आणि जातो, आणि तक्रार तरी कशी करणार, फ्यूज कुठे असतो ते त्याला मीच मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं.