निळे पोर्ट, नऊ दिवस आणि तीनशे रुपये

माझ्या पीसीचं मदरबोर्ड मेलं नव्हतं, हे आधीच लिहून टाकतो.

झालं असं की माझ्या जुन्या पीसीच्या मागचे चार निळे यूएसबी ३.० पोर्ट मधेच झोपायचे, म्हणून त्यांच्या कंट्रोलरचं (ते पोर्ट चालवणाऱ्या चिपचं) फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायला बसलो आणि अर्ध्यात लाइट गेली. यूपीएस होता, बॅटरी गेलेली होती, मला माहीत पण होतं. नंतर विंडोज नीट सुरू, पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड १० (डिव्हाइस सुरू होत नाही), आणि अपडेटरला डिव्हाइसच सापडेना.

घाबरून लोकमान्य नगरातून भर पावसात सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षाने एका रिपेअरवाल्याकडे गेलो. काउंटरवरच्या मुलाला नीट सांगितलं, बायोस (पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) ठीक आहे, फक्त पोर्ट कंट्रोलरचं फर्मवेअर गेलंय. पावतीवर लिहिलं ‘यूएसबी नॉट वर्किंग’. मग रोज फोन आणि रोज तेच, ‘इंजिनियर देख रहे हैं भिया, शाम को बताते हैं’. ती शाम काही आली नाही. सहाव्या दिवशी स्वतः गेलो तर त्याने पेनड्राइव्ह लावला कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात आणि म्हणे, ‘चल तो रहा है!’ अरे बाबा, पुढचे पोर्ट चिपसेटवर (बोर्डच्या मुख्य चिपवर), मागचे निळे वेगळ्या चिपवर! नवव्या दिवशी निकाल लागला: ‘बोर्ड उड़ गया, नया डलवा लो’, वर तपासणीचे तीनशे. दिले, मागे रांग होती. घरी येऊन बघतो तर साइड पॅनेलच्या फटीवर मी लावलेली सेलोटेप जशीच्या तशी. उघडलंच नव्हतं हो!

त्या रागातच रात्री बसलो. निळ्या पोर्टांच्या चिपचा हार्डवेअर आयडी (ओळख क्रमांक) पाहिला: व्हेंडर १९१२, डिव्हाइस ००१४, म्हणजे रेनेसास कंपनीचा यूपीडी७२०२०१, चार पोर्टवाला (००१५ असेल तर दोन पोर्टवाला ७२०२०२). ड्रायव्हरमध्ये कुठे एनईसी दिसलं तर गोंधळू नका, एनईसी इलेक्ट्रॉनिक्स २०१० मध्ये रेनेसासमध्ये मिसळली.

नुसत्या रीस्टार्टने चिप पूर्ण बंद होत नाही, ५ व्होल्टचा स्टँडबाय (पीसी बंद असतानाही मिळणारा वीजपुरवठा) बोर्डवर चालूच असतो. वायर काढली, पॉवर बटण दाबून धरलं, दहा मिनिटं तसंच ठेवलं. मग काळ्या यूएसबी २.० पोर्टातून लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट त्यावरूनच चालणारं लिनक्स). या चिपची रॉम (फर्मवेअर साठवणारी मेमरी) पीसीआय कॉन्फिगमधून, म्हणजे चिपच्या सेटिंगच्या जागेतून, वाचता-लिहिता येते, त्याचं छोटं फुकट टूल मिळतं, रूटने (लिनक्सच्या अॅडमिन खात्याने) चालवायचं. आधी रॉममध्ये जे होतं ते वाचून सेव्ह केलं, कचरा असला तरी. मग के२०२६०९०.मेम ही फर्मवेअरची फाइल लिहिली, परत वाचून ताडून पाहिली. पुन्हा वायर काढली, लावली, आणि निळ्या पोर्टात पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, बायकोला उठवून दाखवला.

अरे हो, कीबोर्ड-माऊस आधीच काळ्या पोर्टात लावा, निळ्यात असतील तर काहीच दाबता येणार नाही. आणि हे टूल चालवण्याआधी मी दुपारी यूपीएसची बॅटरी बदलून आणली. अर्थातच दुसऱ्या दुकानातून.