सुतळीने शिवलेला बूट

ओंकारेश्वरहून निघून बारावा दिवस असेल. उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि पावलागणिक फटक फटक वाजायला लागला. वन्संनी पंचाची एक पट्टी फाडून बुटावरून आवळून बांधून दिली, ती तासाभरात झिजून गेली. पुढचं गाव किती लांब, तिथे कुणी चांभार असेल का, काहीच माहीत नव्हतं.

मी ३१ वर्षं शाळेत नोकरी केली. निवृत्तीनंतर थोरल्या नणंदेबरोबर पायी नर्मदा परिक्रमेला निघाले. नर्मदा १,३१२ किलोमीटरची, त्यामुळे दोन्ही काठ मिळून अडीच हजारांच्या वर चाल होते. मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र कुठेही ओलांडायचं नाही. धरणांच्या पाण्याखाली काठाची जुनी वाट बरीच गेली आहे, म्हणून शेतातून, डांबरी रस्त्यावरून, वळसे घेत जावं लागतं.

माझ्या सॅकमध्ये एक वही होती. आयुष्यभराची सवय, जमा आणि खर्च असे दोन रकाने आखलेले. पण पहिल्या आठवड्यातच माझी पंचाईत झाली. सकाळी कुणीतरी रस्त्यात उभं राहून 'नर्मदे हर' म्हणायचं आणि हाताला धरून चहाला न्यायचं. दुपारी एखाद्या आश्रमात भोजनप्रसादी. जिथे शिजवलेलं नसे तिथे सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची असा कोरडा शिधा. संध्याकाळी ओसरीवरून हाक यायची, "माताराम, आज यहीं आसन लगाओ." आम्ही कोण, कुठल्या, जात कुठली, कुणी विचारायचं नाही. भट्याणला सियाराम बाबांच्या आश्रमात तर दहा रुपयांच्या वर देणगी घेतच नसत. मी नोट पुढे केली की लोकांचा चेहरा उतरायचा. एका बाईंनी मला स्पष्ट सांगितलं की आमच्याच्याने चालणं होत नाही, तुम्ही चालता, मग तुम्हाला खाऊ घालायचा आमचा वाटा तरी काढून घेऊ नका. त्या दिवसापासून मी पाकीट सॅकच्या तळाशी टाकलं. देणं मला येत होतं. घेणं फार जड गेलं, हे मनापासून सांगते.

तर तो बूट. निमाडात, म्हणजे मध्य प्रदेशातल्या नर्मदाकाठच्या या भागात, त्या दिवसांत मिरची वाळत घातलेली असते. रस्त्याच्या कडेचं अख्खं खळं लाल झालेलं, हवेतच ठसका. तिथे एक गृहस्थ मिरचीची पोती शिवत बसले होते. त्यांचा मुलगा, असेल सातवी-आठवीतला, माझ्या पायाकडे बघत होता. काही न विचारता तो खाली वाकला, पट्टी सोडली, बूट काढला आणि बापाकडे घेऊन गेला.

त्यांनी हातातलं पोतं बाजूला ठेवलं. त्याच दाभणाने, त्याच सुतळीने ते बूट शिवायला बसले. रबर जाड, दाभण पहिल्यांदा शिरेना. त्यांनी ते दगडावर घासलं, टोकाला तेलाचं बोट लावलं आणि तळहातात फडक्याची घडी धरून रेटलं. प्रत्येक टाक्याला सुतळी दातांनी ओढून घट्ट करत होते. बोटांना मिरची लागलेली, डोळ्यांतून पाणी येत होतं, ते खांद्याला पुसत होते. मी मोजले, एकोणीस टाके. मग बुटात स्वतःचा हात घालून आतून गाठी चाचपल्या, एक गाठ बोचेल असं वाटलं म्हणून ती दगडाने ठेचून चपटी केली. माझ्या पायाला गाठ बोचू नये, याची काळजी ज्याला मी उद्या दिसणारही नव्हते अशा माणसाने करावी! आजही लिहिताना गळा भरून येतो.

तोवर घरातून ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा आला. त्यांची आई दाराशी येऊन बसली. तिने विचारलं, पुढे समुद्रापर्यंत जाणार ना? नर्मदा घरापासून दोन कोसांवर, रोजचं दर्शन, पण ती समुद्राला मिळते ती जागा म्हातारीने पाहिली नव्हती. तिने कनवटीची चिंधी काढली, त्यात एक रुपयाचं नाणं बांधलेलं होतं. हे तिथे मैयाला दे, एवढंच म्हणाली.

त्या रात्री वही उघडली. खर्चात लिहायला काही नव्हतं. जमेत काय लिहावं ते सुचेना. वही मिटली ती परिक्रमा संपेपर्यंत उघडली नाही.

त्या बुटावर मी शूलपाणीची झाडी, म्हणजे वाटेतलं डोंगराळ जंगल, चढले. तिथल्या भिल्लांच्या पाड्यांवर जे मिळालं त्यावर स्वतंत्र लिहायला हवं, दोन ओळींत ते मावणार नाही.

दक्षिण तट संपतो तिथून नावेने समुद्र ओलांडून उत्तर तटावर मिठी तलाईला जायचं असतं. नाव भरतीच्या वेळेवर सुटते. आमची पहाटे अंधारात सुटली. नावाडी म्हणाला, आता संगम. सगळे फुलं, नारळ सोडायला लागले. मी चिंधी काढली. नाणं बाहेर काढायला गेले, पण म्हातारीची गाठ इतकी घट्ट की थंडीने आखडलेल्या बोटांनी सुटेना. वन्सं म्हणाल्या, "राहू दे गं, तिने बांधलंय तसंच जाऊ दे."

तसंच सोडलं.