जादूला घाबरलेल्या राज्यात

एडिंबराच्या किल्ल्यासमोरचे पटांगण संपून खाली उतरणारा रस्ता जिथे सुरू होतो, तिथल्या एका भिंतीत धातूचे छोटे उठावशिल्प बसवलेले आहे. बायकांचे दोन चेहरे, त्यांना वेढणारा एक साप आणि बाजूला फॉक्सग्लोव्हच्या फुलांचा तुरा एवढाच त्याचा विस्तार असल्यामुळे किल्ल्याकडे धावणाऱ्या पर्यटकांपैकी फार थोड्यांचे त्याकडे लक्ष जाते. त्याला ‘चेटकिणींची विहीर’ म्हणतात. जून महिन्यात आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा मी तिला आधी तिथे नेले. तिने दोन्ही चेहऱ्यांवरून बोट फिरवले, इथे जवळच चेटकिणी ठरवून जाळलेल्या बायकांविषयीचा शेजारच्या पाटीवरचा मजकूर माझ्याकडून समजून घेतला आणि विचारले, “यांनी केलं तरी काय होतं गं?”

या प्रश्नाचे नीट उत्तर देता यावे म्हणून गेल्या तीन वर्षांत मी पुष्कळ वाचले आहे आणि पुष्कळ फिरलेही आहे. जादूला घाबरणारी, जादूवर बंदी घालणारी राज्ये आपण लहानपणी राजाराणीच्या गोष्टींत ऐकलेली असतात. स्कॉटलंड हे खरोखरच तसे राज्य होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे, तर पावणेदोनशे वर्षे.

१५६० मध्ये या देशाने पोपची सत्ता झुगारून प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १५६३ मध्ये, मेरी राणीच्या कारकिर्दीत येथील संसदेने चेटूकबंदीचा कायदा केला. चेटूक करणाऱ्याला त्यात देहदंड होताच, पण चेटूक करणाऱ्याकडे सल्ला किंवा उपाय विचारायला जाणाऱ्यालाही तीच शिक्षा होती. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, या कायद्याच्या शब्दांत चेटकाला ‘घोर अंधश्रद्धा’ असेच म्हटले आहे. धर्मसुधारकांना समाज शुद्ध करायचा होता, जुन्या तोडग्यांपासून आणि मंत्रांपासून त्याला सोडवायचे होते, आणि त्यासाठी त्यांनी जे हत्यार घडवले त्याने पुढे हजारो गरिबांचे बळी घेतले.

कायदा झाल्यावर पहिली काही वर्षे खटले तुरळक होते. ते भडकले राजा सहावा जेम्स याच्या भीतीमुळे. मी लीथमध्ये, म्हणजे एडिंबराच्या जुन्या बंदराच्या भागात राहते. डेन्मार्कच्या राजकन्येशी, ॲनशी, लग्न करून १ मे १५९० रोजी जेम्स याच बंदरात उतरला. त्याआधी ॲनचे जहाज वादळांमुळे नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले होते, जेम्स स्वतः तिला आणायला गेला होता, आणि परतीच्या प्रवासातही समुद्राने त्याला सुखाने येऊ दिले नव्हते. उत्तर समुद्रात हिवाळ्यात वादळे होतातच, हे लीथच्या कोणत्याही कोळ्याने त्याला सांगितले असते. डेन्मार्कमध्ये मात्र या वादळांचा ठपका चेटकिणींवर ठेवून काही बायकांना जाळण्यात आले, आणि तो संशय राजाच्या पाठोपाठ समुद्र ओलांडून इकडे आला.

एडिंबराच्या पूर्वेला ट्रॅनंट नावाचे गाव आहे. तिथल्या एका अधिकाऱ्याच्या घरी गिलिस डंकन नावाची तरुण मोलकरीण होती. ती आजाऱ्यांना बरे करते असा तिचा लौकिक होता, आणि नेमक्या याच गोष्टीचा मालकाला संशय आला. त्याने घरातच तिची बोटे यंत्रात चिरडली. वेदनेच्या भरात तिने नावे घेतली, ज्यांची नावे आली त्यांच्याकडून आणखी नावे निघाली, आणि नॉर्थ बेरिक येथील समुद्राकाठच्या चर्चमध्ये रात्री सैतानाच्या साक्षीने राजाविरुद्ध कट शिजला अशी कहाणी आकाराला आली. त्या चर्चचे अवशेष आजही बंदरापाशी उभे आहेत; एडिंबराहून आगगाडीने अर्ध्या तासात तिथे पोहोचता येते. मरणापूर्वी गिलिसने सांगितले की, काही बायकांवर आपण केलेले आरोप खोटे होते. तोपर्यंत फार उशीर झाला होता.

ज्यांचे नाव तिच्याकडून आले, त्यांत ॲग्नेस सॅम्पसन ही सुईण होती. वयाने प्रौढ, पंचक्रोशीत मान असलेली, बाळंतपणे करणारी आणि औषधपाणी देणारी ही बाई होलीरूडच्या राजवाड्यात स्वतः राजापुढे उभी केली गेली. तिचे डोके भादरले, डोक्याभोवती दोर आवळला, तिला झोपू दिले नाही. आधी तिने सगळे नाकारले आणि मग सगळे कबूल केले. २८ जानेवारी १५९१ रोजी किल्ल्याजवळच्या टेकडीवर, म्हणजे आई आणि मी ज्या भिंतीपाशी उभ्या होतो तिच्या आसपासच, तिला गळा आवळून मारले आणि मग जाळले. जेम्सने पुढे १५९७ मध्ये सैतानविद्येवर स्वतः एक ग्रंथ लिहिला. राजाच्याच हातचा ग्रंथ म्हटल्यावर खेड्यातल्या न्यायाधीशाला शंका घ्यायला जागा उरते कुठे?

‘झोपू दिले नाही’ हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. येथे तो एक रीतसर प्रकार होता. आरोपी बाईला दिवसचे दिवस जागे ठेवायचे. गावातलेच लोक पाळीपाळीने पहाऱ्याला बसायचे, डोळा लागला की तिला हलवायचे, चालवायचे, टोचायचे. काही दिवसांनी माणसाला भास होऊ लागतात आणि विचारील त्याला ते ‘हो’ म्हणू लागते. याच्या जोडीला अंगात सुया खुपसून ‘सैतानाची खूण’ शोधणारे लोक होते. जिथे सुई टोचल्याचे दुखत नाही किंवा रक्त येत नाही ती सैतानाच्या स्पर्शाची जागा, असे मानत, आणि या कामाचा त्यांना मोबदला मिळे. पुरावा गोळा करण्यात गावच्या चर्चची पंचमंडळी पुढे असत. म्हणजे शेजारी, पाद्री, गावातले प्रतिष्ठित, सगळे त्या बाईला जन्मभर ओळखणारेच असत.

एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी या सर्व खटल्यांची जी सूची तयार केली, तिच्यात ३,८३७ आरोपी आहेत. त्यांतल्या दर शंभरातल्या चौऱ्याऐंशी स्त्रिया आहेत. सुमारे अडीच हजार जणांना मृत्युदंड झाला असावा, असा अंदाज केला जातो. आकडा मोठा आहेच, पण माझा हात थांबला तो आरोपांचे स्वरूप वाचताना. राजाचे वादळ हा अपवाद होता. बाकीचे आरोप घरगुती असत. भांडण झाले, म्हातारी पुटपुटत निघून गेली आणि तिसऱ्या दिवशी गाय आटली. भीक घातली नाही आणि मूल तापाने फणफणले. लोणी येईना. वासरू मेले.

दूध आटल्याचा आरोप मी आईला वाचून दाखवला, तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आपल्या वरच्या आळीतली म्हातारी आठवते तुला? तू लहान होतीस. तिच्यासमोर आम्ही म्हशीची धार काढत नसू.” साताऱ्याकडच्या आमच्या गावातली ती म्हातारी मला अंधुक आठवते. तिच्या दारावरून जाताना आम्हा मुलांना पदराआड घेत असत. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून आजारी पडली की या म्हातारीचे नाव निघे. एकदा तिच्या घराची कौले फोडली होती. ‘करणी करते’ एवढे दोन शब्द तिच्या विरुद्ध पुरेसे होते. आई नवी सून असताना हळदीकुंकवाला तिला बोलावू नये असे घरात ठरले होते, आणि आईने ते मुकाट्याने पाळले होते. हे तिने मला आजवर कधी सांगितले नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही फाइफमधल्या टॉरीबर्न या खाडीकाठच्या गावी गेलो. तिथे जायचे तर ओहोटीची वेळ बघून जावे लागते. लिलियस एडी नावाची वृद्ध स्त्री १७०४ मध्ये चेटकाच्या आरोपाखाली कैदेत होती. दिवसरात्र प्रश्नांचा मारा होऊनही तिने इतरांची नावे देण्याचे शक्य तितके टाळले. सैतानाच्या मेळाव्यातल्या बायकांनी तोंडे झाकलेली असल्यामुळे आपल्याला त्या ओळखता आल्या नाहीत, असे तिने सांगितले. शिक्षा होण्यापूर्वीच ती कोठडीत मरण पावली. गावाने तिला दफनभूमीत जागा दिली नाही. भरतीच्या आणि ओहोटीच्या रेषांच्या मधल्या चिखलात तिला पुरले आणि ती पुन्हा उठू नये म्हणून वर जड शिळा ठेवली. ती शिळा अजून तिथेच आहे. आम्ही गेलो तेव्हा पाणी दूर हटले होते, शिळेवर हिरवे शेवाळ आणि शिंपले चिकटले होते आणि कडेच्या खळग्यात पाणी साचले होते. आई म्हणाली, “आपल्याकडे बाळंतीण गेली तर ती हडळ होऊन परत येऊ नये म्हणून वाटेवर राळे टाकत. दाणे वेचता वेचता तिची रात्र सरावी म्हणून.” मेलेल्या बाईचीही एवढी भीती या खाडीकाठी होती आणि कृष्णाकाठीही होती.

एकोणिसाव्या शतकात काही हौशी लोकांनी लिलियसची कबर उकरून तिची कवटी नेली आणि शवपेटीच्या लाकडाच्या हातकाठ्या करवून घेतल्या. कवटी पुढे हरवली, पण तिची छायाचित्रे उरली होती. त्यांच्या आधारे डंडी विद्यापीठातील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये तिचा चेहरा पुन्हा घडवला. तो चेहरा मी आईला फोनवर दाखवला. सुरकुतलेली, शांत नजरेची, कुणाच्याही आजीसारखी दिसणारी बाई आहे ती.

हा कायदा १७३६ मध्ये रद्द झाला. त्याच्या जागी आलेल्या कायद्याने जादू असते हेच मानणे सोडले आणि जादू येते असा खोटा दावा करणाऱ्याला कैदेची शिक्षा ठेवली. १७२७ च्या सुमारास उत्तरेकडील डॉर्नॉक गावात जाळलेली जॅनेट हॉर्न ही शेवटची बळी मानतात. वयोमानाने तिला भ्रम झाला असावा, आणि तिच्या मुलीच्या हातापायांत जन्मतः व्यंग होते. आईने सैतानाकडून मुलीला घोड्यासारखे नाल ठोकून घेतले, असा त्या व्यंगाचा अर्थ लावला गेला.

चेटकिणींच्या विहिरीची कल्पना ज्यांची, त्या पॅट्रिक गेडिस यांचा उल्लेख मराठी वाचकांसाठी मुद्दाम करायला हवा. १८९४ मध्ये त्यांनी चित्रकार जॉन डंकन यांच्याकडून हे शिल्प करवून घेतले. हेच गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, आणि त्यांच्यानंतर १९२४ मध्ये त्या विभागाची धुरा मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे गेली. गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, म्हणूनच की काय, शिल्पातला फॉक्सग्लोव्ह मला फार अर्थपूर्ण वाटतो. आमच्या घराजवळच्या नदीकाठच्या वाटेवर जूनमध्ये ही जांभळी, आतून ठिपक्यांची फुले उमलतात. ही वनस्पती विषारी आहे, आणि हिच्याच कुळातल्या वनस्पतीपासून डिजॉक्सिन हे हृदयाचे औषध काढतात. बाबा शेवटची चार वर्षे ती गोळी घेत होते, आणि ती त्यांना रोज मोजून देण्याचे काम आईचे होते. किती दिली म्हणजे औषध आणि किती दिली म्हणजे विष, हे जाणणाऱ्या बाईला तेव्हा चेटकीण म्हणत, असे मी तिला सांगितले तेव्हा ती त्या फुलापाशी वाकून उभी राहिली.

८ मार्च २०२२ रोजी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे सरकारप्रमुख, निकोला स्टर्जन यांनी संसदेत या सर्व बळींची माफी मागितली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चनेही मागितली. ही बातमी वाचताना मला सारखी पुण्याची आठवण येत होती. २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचा कायदा मंजूर झाला. त्याला आपण बोलताना ‘जादूटोणाविरोधी कायदा’ म्हणतो, आणि जे नाव त्याला पडले आहे ते १५६३ च्या कायद्यालाही चपखल बसेल. परंतु दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. येथील कायद्याने जिच्यावर आरोप झाला तिला पकडले. आपला कायदा आरोप करणाऱ्याला पकडतो. अमकी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने गुरांचे दूध आटवते, रोगराई पसरवते असे सांगून तिचे जगणे कठीण करणे, हा आपल्या कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेला गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. गुरांचे दूध हे शब्द त्या अनुसूचीत आहेत याचे मोल मला इथे येऊन कळले. ते लिहिणाऱ्यांना गाव ठाऊक होता. सातपुड्यात आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या येतात. तिथल्या पोलीस पाटलापर्यंत हे कलम पोहोचले पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

विद्यापीठाच्या त्या सूचीत ६२५ नोंदी नावाविना आहेत. कुठे ‘काही बायका’, कुठे ‘एक चेटकीण’ एवढेच लिहिलेले आढळते. हे ऐकल्यावर टॉरीबर्नहून परतताना आईने बसमधूनच गावी काकांना फोन लावला आणि वरच्या आळीतल्या म्हातारीचे नाव विचारले. काकांना आठवेना. शेजारी बसलेल्या काकूंनाही आठवेना. सगळे तिला ‘वरच्या आळीतली’च म्हणत आले होते.

चार दिवसांनी काकूंचा फोन आला. घरातल्या जुन्या लग्नाच्या आहेराच्या वहीत त्यांना ते सापडले होते. एक पातेले, समोर पूर्ण नाव. म्हणजे आम्ही तिला बोलावत नसतानाही तिने आमच्या घरच्या लग्नात आहेर पाठवला होता. तिची नातवंडे त्याच गावात राहतात, म्हणून ते नाव मी इथे देत नाही. आईने ते माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आपल्या औषधांच्या वहीत, पहिल्या पानावर, लिहून घेतले आहे.