मान डोलते तेव्हा

मी पुस्तकांची हस्तलिखितं तपासते. हे कळलं की लोक एक प्रश्न हमखास विचारतात, भाषांतर करणारे तर जास्तच: ‘मान डोलावली’ म्हणजे नक्की हो की नाही? आणि डुलकीतलं डुलणं तेच का हे? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

संस्कृतात ‘दोला’ म्हणजे झोपाळा. प्राकृतात आल्यावर त्याचा ‘डोला’ झाला. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘द’चा असा ‘ड’ होणं नवलाचं नाही, ‘दंश’ मराठीत येताना ‘डसणे’ झाला तो याच वाटेने. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात ज्या शब्दांत हा बदल होतो त्यांची यादीच दिली आहे आणि दोला त्या यादीत आहे. आपलं डोलणं आणि डुलणं याच झोपाळ्यावरून आलं. डोली, दोलायमान, आंदोलन हे सगळे त्याचेच नातेवाईक. आंदोलन म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो, पण शब्दाच्या पोटात अजून झोकाच आहे.

आता झोपाळा जातो तसा परत येतो. त्याच्यात हो नसतं आणि नाहीही नसतं. म्हणून नुसतं ‘मान डोलावली’ म्हटलं तर मान वरखाली झाली की या खांद्याकडून त्या खांद्याकडे झुकली, हे शब्द सांगत नाही. होकार बहुतेक वेळा संदर्भातून येतो. शंका राहील असं वाटलं की आपण ‘होकारार्थी’, ‘नकारार्थी’ अशी शेपटं जोडतो, ती याचसाठी.

पण मला या शब्दात सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. पीक डोलतं ते वाऱ्याने. नाग डोलतो तो पुंगीपुढे. ऐकणारा डोलतो तो गाण्याने. डोलणाऱ्याला प्रत्येक वेळी दुसरं काहीतरी हलवत असतं, आणि तो त्या झोक्यात असतो. ‘डोलावणे’ हे त्याचं प्रयोजक रूप, म्हणजे मानेला डोलायला लावणं. नंदीबैलासारखी मान डोलावतो असं आपण कोणाबद्दल म्हणतो, तेव्हा त्या माणसाचं स्वतःचं मत त्या हालचालीत नाही, हेच म्हणायचं असतं.

इंग्रजीतल्या ‘नॉड’ला हा झोका नाही. त्या एका शब्दात संमती येते, ओळखीच्या माणसाला केलेली मानेची खूण येते आणि पेंगणंही येतं. कोशात समोर ‘मान डोलावणे’ दिसलं की भाषांतरात सरसकट तेच पडतं. मागे एका हस्तलिखितात वाक्य होतं: ‘डॉक्टरांनी सगळं सांगितलं आणि तिने मान डोलावली.’ डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, नवरा आता वाचणार नाही. मी ‘डोलावली’खाली पेन्सिलीने रेघ मारली आणि भाषांतरकार बाईंना फोन केला. म्हटलं, हे ऐकल्यावर तिची मान कुठे गेली असेल? त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, खाली. आता छापलेल्या पुस्तकात ‘तिची मान हळूहळू खाली गेली’ असं आहे. मला ते वाक्य फार आवडतं.

मराठीकडे इतके पर्याय असताना एकावर अडून राहायचं कशाला? समजून उमजून हो म्हटलं तर मान हलवली. दुसऱ्यापुढे नमतं घेतलं तर मान तुकवली. लाज वाटली तर मान खाली घातली. आणि ही मान म्हणजे आदरवाला मान नव्हे, हेही जाता जाता सांगते, कारण तो प्रश्न ठरलेला असतो. गळ्यामागची ती मान, संस्कृत ‘मन्या’वरून आलेली, मान आखडण्याला आयुर्वेदात ‘मन्यास्तंभ’ म्हणतात. मिळतो तो मान, संस्कृतातही ‘मान’च. लिंग वेगळं, मूळ वेगळं, फक्त उच्चार येऊन एकमेकांना भेटले.

शरीराने मात्र हो आणि नाही यांची सोय निरनिराळी ठेवली आहे. मान वरखाली होते ती मुख्यतः कवटी आणि मानेचा पहिला मणका यांच्यामधल्या सांध्यात, आडवी वळते ती मुख्यतः पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये. कोणत्या हालचालीचा अर्थ काय, हे माणसं ठरवतात. बल्गेरियात आडव्या हलणाऱ्या मानेचा अर्थ हो असा घेतात, तर ग्रीसमध्ये डोकं मागे झटकलं की तो नकार.

राहिली डुलकी. हो, तीही त्याच झोपाळ्यावरची. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो, आणि त्याचा भार मणक्याच्या टेकूच्या किंचित पुढे पडतो. मानेमागचे स्नायू ते सतत धरून असतात. झोप चढू लागली की ती पकड ढिली होते आणि डोकं पुढे झुकतं. माझे वडील खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसत. आधी कागद मांडीवर टेके, मग हनुवटी छातीकडे उतरू लागे, अगदी टेकायच्या बेताला आली की झटक्याने वर येई, आणि पुन्हा उतरू लागे. ‘बाबा, झोपलात का?’ विचारलं की डोळे न उघडता मान आडवी हलवत. ती तेवढी त्यांनी स्वतः हलवलेली असे. पुढच्या क्षणी पुन्हा डोलायला लागे.